फटफटीचा ताप

मोटारीला पाणी लागते, पूर्वीच्या आगगाडीच्या इंजिनाला तर टाक्याच्या टाक्या लागत. आपल्या फटफटीचे मात्र नुसत्या वाऱ्यावर भागते. अलीकडच्या काही महाग मोटरसायकलींना मोटारीसारखी पाण्याची व्यवस्था असते हे खरे. पण आपल्याला कचेरीत, मंडईत आणि मुलांच्या क्लासला नेणारी जी १०० किंवा १२५ सीसीची साधी गाडी, ती बहुधा हवेवरच थंड होणारी. गाडी पळत असली की वारा आपोआप मिळतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्याची बाटलीही भरून ठेवावी लागत नाही. पंचाईत होते ती गाडी उभी राहिली म्हणजे. आणि शहरातली गाडी हल्ली पळते थोडी, उभी राहते फार.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दिवाळीच्या सुमारास एक प्रश्न हटकून असतो : ‘गर्दीत गाडी फार तापते, पाय भाजतात, इंजिनाला धोका आहे का?’ कंदील आणि पणत्या घ्यायला निघालेली सारी पुण्याई लक्ष्मी रोडवर एकाच संध्याकाळी गोळा होते; तेव्हा हा प्रश्न पडणारच. म्हणून औंदा या पानावर फटफटीच्या तापाचीच चिकित्सा करू.

आधी ताप येतो कुठून ते पाहू. सिलिंडरात पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा आतल्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्याही वर जाते. पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते! तरी तो वितळत नाही, कारण भडका क्षणाचा असतो आणि आलेली उष्णता लगेच बाहेर काढली जाते. पेट्रोलमधल्या शक्तीचा साधारण पाव हिस्सा किंवा थोडा अधिक चाकाच्या कामी येतो. उरलेली सगळी उष्णता. तिच्यातली बरीचशी सायलेन्सरवाटे निघून जाते; राहिलेली सिलिंडरभोवतीच्या त्या पातळ पट्ट्यांवाटे, ज्यांना मेकॅनिक ‘फिन्स’ म्हणतात, आणि तेलावाटे बाहेर पडते. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली की या पट्ट्यांवरून सेकंदाला ११ मीटर वेगाचा वारा जातो. सिग्नलला थांबलो की तो शून्य. इंजिन मात्र चालूच. उभी गाडी एक इंचही पुढे नेत नाही. म्हणजे त्या वेळी जाळलेल्या थेंबाथेंबाची शेवटी उष्णताच होते.

स्कूटरवाल्यांना याची झळ कमी लागते, याचे कारण ऐकण्यासारखे आहे. १९४६ साली इटलीत पहिली व्हेस्पा निघाली. तिचा आराखडा करणारे कोरादिनो दास्कानिओ हे मूळचे विमाने आणि हेलिकॉप्टरे करणारे अभियंते. कपड्यांना डाग पडू नयेत म्हणून त्यांनी इंजिन पत्र्याच्या आड झाकले. झाकले म्हणजे वारा बंद. म्हणून फिरत्या चाकालाच पाती बसवून इंजिनाला स्वतःचा पंखा दिला. हीच युक्ती १९७२ साली आलेल्या आपल्या चेतकमध्ये होती, आणि आजच्या बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटरींतही बहुधा तीच असते. स्कूटर उभी असली तरी तिचा पंखा चालू असतो. फटफटी बिचारी उघडीवाघडी, तिला पंखा नाही. तिने सारा भरवसा रस्त्यावर टाकलेला. ज्या काळी तो टाकला, त्या काळी रस्ते मोकळे होते!

आता पाय भाजण्याविषयी. पोटरीला जी धग लागते ती इंजिनातून बाहेर पडलेली उष्णता. ती आपल्याला त्रास देते, पण इंजिनाच्या दृष्टीने ती गेलेली पीडा. काळजी करायची ती आत राहिलेल्या उष्णतेची, आणि ती राहते तेलात. म्हणून ‘फार तापते’ ही तक्रार ऐकली की मी पायाविषयी विचारीत नाही, तेलाविषयी विचारतो. आणि त्यानंतर डाव्या हाताविषयी.

डावा हात का, ते एका घटनेवरून सांगतो. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी २००८ साली हप्त्यांवर मोटरसायकल घेतली. त्या वेळी तिसरीत असलेला मुलगा टाकीवर बसून शाळेत जाई. तोच मुलगा शिकून हिंजवडीत नोकरीला लागला आणि हडपसरहून त्याच गाडीवर जाऊ लागला. ज्यांनी हा रस्ता सकाळी नऊ वाजता पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. दोन महिन्यांत गाडी ओढेनाशी झाली, सिग्नलला न्यूट्रल पडेना, चढावर कडकड वाजू लागली. एका गॅरेजात सांगितले, इंजिन खोलावे लागेल. खर्च एवढा की त्यापेक्षा गाडी भंगारात घाला. मुलगा अजून नोकरीत कायम झालेला नाही, घराचा हप्ता चालू, आणि त्यात नव्या गाडीचे कर्ज! गृहस्थांनी मला काही बोलून दाखवले नाही. पण रोज संध्याकाळी ते गाडीपाशी नुसते उभे असत, ते मला गॅलरीतून दिसे.

शेवटी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावले. त्याने इंजिन खोलले नाही. गाडी मुख्य स्टँडवर लावून तेल काढले. लिटरभर असायचे ते अर्ध्या लिटरच्या थोडे वर भरले, काळे आणि पाण्यासारखे पातळ. मग मुलाला मागे बसवून घेण्याऐवजी त्याला चालवायला लावले आणि स्वतः मागे बसून चौकापर्यंत जाऊन आला. परत आल्यावर म्हणाला, “काका, इंजिनाचं बघू नंतर. आधी दादांना विचारा, डावा हात दुखतो का रोज?”

दुखत होता. गर्दीत गाडी बोटभर पुढे सरकवायची, थांबायची, पुन्हा सरकवायची. या साऱ्यात त्याचा क्लच सतत अर्धा दाबलेला. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत क्लचच्या प्लेटा इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असतात. क्लच अर्धा दाबला की प्लेटा एकमेकींवर घासतात, तापतात आणि आपली उष्णता त्याच तेलात सोडतात. म्हणजे जे तेल इंजिनाची आग विझवायला धावत होते, त्याच्याच घरात दुसरी चूल पेटवलेली! त्यातून तेल निम्मे. लिटरभर तेलाला जे करायचे ते अर्धा लिटर करीत होते. प्लेटा बदलल्या, पुस्तिकेत लिहिलेल्या नंबरचे नवे तेल घातले, टॅपेट मोजून घेतले. गाडी अजून हिंजवडीला जाते.

मग गर्दीत चालवायचे कसे? पुढच्या गाडीला चिकटून राहण्याची आपल्याला हौस. हातभर जागा सुटली की आपले काहीतरी गेले असे वाटते. ती जागा सुटू द्यावी. चार गाड्यांची जागा झाली की पहिल्या गिअरमध्ये क्लच पुरता सोडून तेवढे अंतर जावे, थांबावे आणि न्यूट्रल करावे. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्यावा. तो वाजवून त्याचे इंजिन गार होत नाही.

सिग्नलवर आकडे उलटे मोजणारी पाटी असेल तर काम सोपे आहे. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ दिसला की इंजिन बंद करावे. पुष्कळांना भीती वाटते की पुन्हा सुरू झाले नाही तर चौकात फजिती होईल. नीट राखलेली गाडी सुरू होते. खुद्द कंपन्यांनाही हे पटलेले आहे : २०१४ साली आलेल्या स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये न्यूट्रलला थोडा वेळ गेला की इंजिन आपोआप बंद व्हायचे आणि क्लच दाबताच सुरू व्हायचे. बॅटरी मात्र अशक्त असेल तर दर चौकाला बटणस्टार्ट तिला झेपत नाही. किक असेल तर ती मारावी. आणि समोर वरात किंवा विसर्जनाची मिरवणूक लागली, तर पाव तास बंद गाडी हाताने धरून कडेला उभे राहणे यात कमीपणा नाही.

लोक करतात त्या उपायांपैकी दोन मला मुळीच मान्य नाहीत. एक, उभ्या गाडीला रेस देणे. म्हणे तेल जोरात फिरते. फिरते खरे, पण पेट्रोलही जोरात जळते आणि वारा तर शून्यच. दुसरा त्याहून वाईट : तापलेल्या इंजिनावर बाटलीतले पाणी ओतणे. धातू एका बाजूने एकदम आकसला तर वाकतो, क्वचित तडकतो. गाडी सावलीत उभी करावी आणि आपण चहा घ्यावा. पाणी आपणच प्यावे. गाडी बंद केल्यावर सायलेन्सरमधून टिकटिक ऐकू येते तिला घाबरू नये. तो धातू थंड होत आकसल्याचा आवाज आहे.

आणखी एक रोग खास आपला, मध्यमवर्गीय. गाडी घेतली की पहिला प्रश्न, ‘ॲव्हरेज किती देते?’ १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आले. पण त्याआधीच्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत. लिटरमागे चार किलोमीटर वाढावेत म्हणून कार्बोरेटर असा आवळून घेतात की पेट्रोल कमी आणि हवा जास्त. असे मिश्रण इंजिनाला अधिक तापवते. प्लग काढून पाहावा : टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढरे फटक असेल तर वाचवलेले पेट्रोल आपण इंजिनाच्या बिलात भरणार आहोत.

तेलाची पातळी पंधरवड्यातून एकदा, सपाट जागी, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पाहावी. दाट तेल म्हणजे चांगले तेल ही समजूत सोडावी. कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितले असेल तर तेच. रोज गर्दीतून जाणाऱ्याने तेल बदलायला दिलेल्या मुदतीच्या थोडे आधीच जावे, कारण किलोमीटरच्या काट्याला उभ्या गाडीचे तास कळत नाहीत.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, टाकी चकचकीत करतो, झेंडूचा हार घालतो. पावसाळ्यातला चिखल मात्र फिन्सच्या फटींत तसाच वाळून बसलेला असतो आणि इंजिनाला गोधडीसारखा उबवतो. गाडी पूर्ण गार असताना जुन्या दात घासायच्या ब्रशने तो काढावा. लेगगार्डला खरेदीच्या पिशव्या बांधण्याची सवय असेल तर तीही मोडावी. इंजिनासमोर पिशवी म्हणजे वाऱ्यासमोर भिंत.

आणि एक काळजी इंजिनाची नव्हे, घरच्या मंडळींची. गर्दीतून आलेल्या गाडीचा सायलेन्सर फार तापलेला असतो, आणि बहुतेक गाड्यांत तो उजव्या अंगाला असतो. लहान मुलांना डावीकडूनच चढवावे-उतरवावे, आणि दाराशी लावलेल्या गाडीजवळ पोरे फुलबाज्या घेऊन खेळत असतील तर सायलेन्सरची बाजू भिंतीकडे करावी. एवढे करूनही एखाद्याची पोटरी टेकलीच, तर टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतले काहीही लावू नये. नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली ती जागा वीस मिनिटे धरावी, घड्याळ लावून. पोर रडून दोन मिनिटांत पाय ओढू लागते, तेव्हा कुणीतरी त्याला गोष्ट सांगत बसावे. फोड आला तर फोडू नये, आणि चटका मोठा असेल तर दिवाळी असली तरी डॉक्टरांकडे जावे.