पोटगीच्या वाटेतील राज्यसीमा

खानदेशातील एखादा कामगार सुरतेच्या यंत्रमागावर राबतो. घटस्फोटानंतर त्याची पत्नी मुलाला घेऊन जळगावला माहेरी परतते. समजा, मूल तीन वर्षांचे असताना सुरतेच्या न्यायालयाने त्याला दरमहा दोन हजार रुपये पोटगी ठरवून दिली. आज ते अकरा वर्षांचे आहे. वह्या-पुस्तके, गणवेश, दोन वेळचे जेवण यांपैकी कशाचाच भाव तेव्हाचा उरलेला नाही. रक्कम मात्र तीच!

परिस्थिती बदलल्यास पोटगीत फेरबदल करता येतो, हे तत्त्व कायद्याला मान्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४६ तेच सांगते. जुन्या फौजदारी संहितेत हे कलम १२७ होते. प्रश्न स्थळाचा आहे. पोटगीचा पहिला अर्ज पत्नी स्वतः राहते त्या जिल्ह्यात करू शकते. थकबाकीची वसुली बाप जेथे असेल तेथील कोणताही दंडाधिकारी करू शकतो. परंतु वाढ कोठे मागायची, याविषयी कलम १४६ मौन पाळते, आणि ज्या न्यायालयाचा हुकूम त्याच्याच दाराशी जाण्याचा प्रघात पडला आहे. प्रकरण दुसऱ्या राज्यात वर्ग करून हवे असेल तर अर्ज थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात! रोजंदारीवरील बाईने प्रत्येक तारखेला खाडा करून, पदरमोड करून सुरत गाठायची ती दरमहा चारपाचशे रुपयांच्या वाढीसाठी. यामुळे हक्क नाकारला जात नाही. तो फक्त परवडत नाही.

१९७३ च्या संहितेने पोटगीवर पाचशे रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. ती उठण्यास २००१ साल उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उभय पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले, हे योग्यच झाले. पण ज्याची मजुरी रोखीने हातावर पडते आणि ज्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावरही धड नसते, त्याचे उत्पन्न त्या कागदावर कसे उतरणार?

बापाचीही बाजू आहे. माग बंद पडला, तर हेच कलम त्याला रक्कम कमी करून मागू देते, आणि त्यालाही जळगावच्या तारखांसाठी रोज बुडवणे परवडणारे नाही. मात्र नव्या संहितेने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कामकाज चालविण्याची मुभा दिलेली आहे. त्याचे म्हणणे सुरतेतूनच ऐकून घेता येईल. तेव्हा कलम १४६ मध्ये ‘जेथे मूल राहते तेथील दंडाधिकारी’ हे पाच शब्द घालण्यास संसदेला कोणती अडचण आहे?