‘तुम्ही जाऊन या...’

रविवारी संध्याकाळी घरात नाटकाचा किंवा सिनेमाचा बेत ठरतो. मुले कपडे बदलू लागतात, स्वयंपाक लवकर उरकला जातो, आणि मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक आवाज येतो, ‘‘तुम्ही जाऊन या. मी घर राखतो.’’ कधी तो गुडघे धरलेल्या आजीचा असतो, कधी अर्धांगवायूतून उठलेल्या आजोबांचा, तर कधी लहानपणी पोलिओ झालेल्या मावशीचा. आपण एकदा आग्रह करतो, फार तर दोनदा. मग ‘त्यांना आवडच नाही’ अशी समजूत करून घेऊन घराबाहेर पडतो. या समजुतीविषयीच आज थोडे बोलायचे आहे. कारण तेच नाटक टीव्हीवर लागले की हीच मंडळी चष्मा पुसून सर्वांच्या आधी बसलेली असतात. आवड असते; भीती वाटते ती तिथवर पोहोचण्याची.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे हिशेब मांडायची सवय सुटत नाही. या भीतीचाही मांडून पाहावा. ऑटो फाटकाबाहेरच थांबतो. तिथून वाहनतळ ओलांडायचा. मग सहा-सात पायऱ्या, त्यांना कठडा असेल तर असेल. आत अंधार, पायाखाली उतार, हातात बॅटरी घेतलेला माणूस पुढे निघून गेलेला. खुर्ची ओळीच्या मधोमध. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचे आणि स्वच्छतागृह जिना उतरून. खेळ सुटला की मागून लोंढा. धडधाकट माणसाच्या हे लक्षातही येत नाही. ज्याला प्रत्येक पायरी मोजावी लागते, तो घरीच बेरीज करतो आणि म्हणतो, ‘तुम्ही जाऊन या.’

वऱ्हाडाला करमणुकीचे वावडे कधीच नव्हते. अमरावतीत राजकमल, श्याम, चित्रा ही चौकांची नावे टॉकीजवरून पडली. सिनेमागृहांची नावे चौकांना देणारे शहर रसिकच म्हणायला हवे. नाटक, व्याख्यान म्हटले की अमरावतीकराला संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन आठवते आणि अकोलेकराला प्रमिलाताई ओक सभागृह. त्याहीआधी जत्रेतली टुरिंग टॉकीज होती, देवळापुढचे कीर्तन होते. तिथे मैदान सपाट. म्हाताऱ्याला बैलगाडीतून उतरवून सतरंजीवर पुढे बसवले की झाले. करमणूक पक्क्या इमारतीत गेली आणि पायऱ्या आल्या. महागडे तिकीट बाल्कनीचे आणि बाल्कनी वरच्या मजल्यावर. आता मॉलमधल्या मल्टिप्लेक्सला लिफ्ट असते, हे खरे. पण तिथे पायऱ्या थेट सभागृहाच्या आत शिरल्या आहेत. सपाट जागा बहुधा पडद्यालगतच्या पहिल्या ओळीजवळच उरते, आणि चाकाच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाने तीन तास मान वर करून बसायचे.

वऱ्हाडातल्याच एका नाट्यगृहातला प्रसंग. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका चाकाच्या खुर्चीवर असतात. तिकीट आगाऊ काढलेले. दारावरचा माणूस त्यांच्या मुलाला म्हणाला, ‘‘कायले आणता भाऊ इतक्या गर्दीत यायले? घरीच टीव्ही नाही का?’’ तो उद्धटपणे बोलला नव्हता. त्याला खरोखरच काळजी वाटली होती. बाजूचे दार सपाट होते, पण त्याला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याजवळ तो घरी गेलेला. शेवटी प्रेक्षकांतल्या चार तरुणांनी बाईंना खुर्चीसकट उचलून आत नेले. नाटक कसे झाले, असे विचारले तेव्हा बाई हसून म्हणाल्या, ‘‘मले गणपतीवानी उचलून नेलं बापा. मी नाटक काय पाहू? लोक मलेच पाहत होते.’’ मागाहून कळले, की स्वच्छतागृहाची धास्ती म्हणून त्यांनी दुपारपासून घोटभर पाणीही घेतले नव्हते.

आता या दारावरच्या माणसाकडे जरा नीट पाहू. तो बहुधा कंत्राटावर असतो. दहा-बारा तास उभे राहायचे, पगार तुटपुंजा, आणि पुढच्या महिन्यात इथेच काम असेल याची खात्री नाही. त्याला पिशवीतला खाऊचा डबा पकडायला शिकवलेले असते. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक कुठे असतो, हे कोणी शिकवलेले नसते. अंध माणसाला ओढायचे नसते, आपला कोपर त्याच्या हाती द्यायचा असतो, हेही नाही. शिवाय बंद दार उघडण्याचा अधिकार त्याला नाही. मग तो वाद घालतो, नाहीतर मान फिरवतो. त्याच्यावर चिडून प्रश्न सुटत नाही. त्याला काय शिकवायचे आणि कोणता अधिकार द्यायचा, हे मालक आणि व्यवस्थापक ठरवतात; जाब त्यांना विचारायला हवा.

बँकेत मी याची दुसरी बाजू पाहिली आहे. आमच्या एका शाखेला पाच पायऱ्या होत्या. एक तारखेला पेन्शनर येत, काही सायकलरिक्षातून. त्यांना वर चढणे शक्य नसे. शाखेतला शिपाई बाहेर जाऊन पासबुक घेई, अधिकारी शाईचा पॅड घेऊन रिक्षापाशी जाई आणि साक्षीदारांसमोर अंगठा घेतला जाई. इमारत तीच होती, खर्च एक पैशाचा नव्हता. फरक एवढाच, की त्या शिपायाला ‘बाहेर कोणी बसले आहे का, पाहा’ असे सांगितलेले होते आणि त्याने काउंटर सोडले म्हणून कोणी रागावणार नव्हते. उतार बांधायला सिमेंट लागते. असे दोन शब्द सांगायला काहीच लागत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर तो मागे नाही. १९९५मध्ये अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला. त्याची जागा २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली. तो एप्रिल २०१७पासून लागू आहे. लोकांच्या वापरातल्या इमारती, मग त्या सरकारी असोत वा खासगी, त्यात येतात. करमणुकीची ठिकाणेही आली. जुन्या इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७मध्ये निघाले. म्हणजे मुदत २०२२मध्येच संपली. नियमांचे पालन नसेल तर नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. मार्च २०२४मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने कर्णबधिर आणि दृष्टिहीन प्रेक्षकांनाही सिनेमाचा आनंद घेता यावा, म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते सक्तीचे हवेत. ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले; आता पायरीचा उतार झाला पाहिजे.

तरीही मला खरा अडसर वेगळाच वाटतो. सेवेच्या बाबतीत वऱ्हाडाने कोणाकडून शिकावे असे नाही. आंधळ्या-पांगळ्यांसाठी जन्मभर राबलेल्या गाडगेबाबांची समाधी अमरावतीत आहे. दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले तेही इथेच. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलांचे बाप झालेल्या शंकरबाबा पापळकरांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. दुखणाऱ्याला अन्न द्यावे, औषध द्यावे, हे आपल्या रक्तात आहे. पण त्याला विनोदी नाटक पाहून खदखदा हसावेसे वाटेल, पहिल्या दिवशी सिनेमा पाहावासा वाटेल, मध्यंतरात समोसा खावासा वाटेल, हे आपल्या ध्यानातच येत नाही. त्याची मौज आपल्याला चैन वाटते. दारावरचा तो माणूस ‘घरीच टीव्ही नाही का?’ म्हणाला, तेव्हा तो आपल्या सर्वांच्या मनातलेच बोलला. तिकिटाचे पैसे मात्र बाईंकडूनही पुरेच घेतले होते!

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले आणि देशात साठीपुढची माणसे दहा कोटींवर होती. यांतला प्रत्येक जण एकटा येत नाही; मागे घरचे दोघे-चौघे असतात. खुर्च्या रिकाम्या राहतात म्हणून कुरकुरणाऱ्या थिएटरवाल्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

मागणे फार नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार, ही सर्वमान्य मोजणी आहे. अंधारातल्या पायऱ्यांना कठडा आणि कडेला पट्टी. चाकाची खुर्ची मावेल असे खालच्या मजल्यावरचे एक स्वच्छतागृह. ओळीच्या कडेच्या दोन-चार खुर्च्या आधी मागणाऱ्यासाठी राखीव. खेळ सुटल्यावर सावकाश निघणाऱ्यांना पाच मिनिटे. आणि दारावरच्या माणसाला एका दुपारचे शिक्षण, सोबत बाजूच्या दाराची किल्ली.

आपल्या हातीही काही आहे. पुढच्या वेळी तिकीट काढताना खिडकीवर एवढेच विचारा, ‘‘आमच्या आजींना पायऱ्या चढता येत नाहीत. त्यांनी कुठून यायचे?’’ पहिल्या दिवशी खिडकीतला माणूस गोंधळेल, दुसऱ्या दिवशी कदाचित वैतागेल. पण चार दिवस चार घरांनी हाच प्रश्न विचारला, तर पाचव्या दिवशी ती किल्ली कोणाकडे आहे, याची शोधाशोध नक्की सुरू होईल.