भूसुरुंगांवर बंदी आणणाऱ्या जोडी विल्यम्स: त्यांनी उभ्या केलेल्या करारातून देश बाहेर का पडतायत?

हाताशी सैन्य नाही, सरकारी पद नाही. तरीही शंभराहून अधिक देशांना एखादं शस्त्र सोडायला लावता येतं का? अमेरिकेच्या जोडी विल्यम्स यांच्या कारकिर्दीने याचं उत्तर 'हो' असं दिलं होतं. पण २०२५ मध्ये एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड या पाच देशांनी त्याच करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला.

करार कसा घडला?

विल्यम्स १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या युद्धग्रस्त लोकांसाठी काम करत होत्या. १९९२ मध्ये सहा संस्थांनी एकत्र येऊन भूसुरुंगविरोधी आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि विल्यम्स तिच्या समन्वयक झाल्या. पुढे हजाराहून अधिक संस्था या मोहिमेत आल्या.

मोहिमेने बड्या देशांची वाट पाहिली नाही. तयार असलेल्या देशांना सोबत घेतलं. १९९६ मध्ये कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड अ‍ॅक्सवर्दी यांनी वर्षभरात करार करण्याचं आवाहन केलं. डिसेंबर १९९७ मध्ये ओटावात १२२ देशांनी सह्या केल्या. त्याच वर्षी विल्यम्स आणि ही मोहीम यांना शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

तेव्हापासून सदस्य देशांनी साठ्यातले साडेपाच कोटींहून अधिक सुरुंग नष्ट केले आहेत.

मग आता माघार का?

कारण रशिया. तो या करारात नाही आणि युक्रेनमध्ये त्याने मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले आहेत. शेजारी बंधन पाळत नसेल तर आपणच हात का बांधून घ्यायचे, असा या पाच देशांचा युक्तिवाद आहे. युक्रेननेही बाहेर पडण्याचं पाऊल उचललं. पण करारात एक अट आहे: माघार एरवी सहा महिन्यांनी लागू होते, मात्र देश युद्धात असेल तर ते युद्ध संपेपर्यंत नाही.

विरोध कशासाठी?

सुरुंगाला सैनिक आणि शाळेला निघालेलं मूल यातला फरक कळत नाही. युद्ध संपलं तरी तो जमिनीत जिवंत राहतो. 'लँडमाइन मॉनिटर'च्या अहवालानुसार २०२३ मध्ये सुरुंग आणि युद्धातल्या इतर स्फोटक अवशेषांमुळे किमान ५,७५७ लोक मृत्युमुखी पडले किंवा जखमी झाले. त्यातले ८४ टक्के सामान्य नागरिक होते.

भारत कुठे आहे?

अमेरिका, रशिया, चीन आणि पाकिस्तानप्रमाणे भारतही या कराराचा सदस्य नाही. लांब सीमेच्या रक्षणासाठी सुरुंग लागतात, अशी भारताची भूमिका राहिली आहे. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, 'ऑपरेशन पराक्रम'च्या काळात, पाकिस्तान सीमेलगतच्या शेतांमध्ये सुरुंग पेरले गेले. त्याची किंमत तिथल्या शेतकऱ्यांनाही मोजावी लागली.

याचा अर्थ काय?

मानवी हक्कांचं काम म्हणजे भाषणं आणि पुरस्कार, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग म्हणजे सह्या मिळवणं आणि नंतर वर्षानुवर्षं त्या टिकवणं. शांततेच्या काळात दिलेला शब्द शेजारी युद्ध पेटल्यावर पाळला जातो का, यावरच अशा कराराची ताकद ठरते. पाच देशांनी तो शब्द मागे घेतला आहे. दीडशेहून अधिक देश अजूनही करारात आहेत, आणि त्यांना तिथेच ठेवणं हे आता या मोहिमेपुढचं काम आहे.