हातोडी आणि हंडा

गुप्तधनाची गोष्ट ज्या घरात नाही असे मराठी घर विरळा. कुणाच्या आजोळी माजघरात मोहरांचा हंडा पुरलेला असतो, कुणाच्या पडक्या वाड्याच्या आडात सोन्याची भांडी असतात, आणि त्यांवर राखण करणारा नाग तर असतोच असतो. हंडा कुणाच्या हाती लागलेला नाही, नागही कुणी पाहिलेला नाही. पण गोष्ट मात्र पिढ्यान्‌पिढ्या टवटवीत आहे.

यंदा आमच्या घरच्या गोष्टीला यंत्राची जोड मिळाली. इंग्लंडात नोकरीला असलेला माझा पुतण्या रविवारी धातुशोधक यंत्र घेऊन शेतांतून हिंडतो. काठीच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यात वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि जमिनीतल्या धातूने त्यात ढवळाढवळ केली की कानाशी आवाज येतो. तो आवाज सोन्याचा की बाटलीच्या बुचाचा, हे मात्र उकरल्यावरच कळते! "काका, दिवाळीला येताना यंत्र घेऊन येतो. गावच्या वाड्यामागची जागा एकदा बघून टाकू," असे त्याने कळवले आणि घरात एकच धांदल उडाली. फराळाआधी वाटण्यांची चर्चा सुरू झाली. मी त्याला एवढेच विचारले, "अरे, तिकडे या छंदाला काही धरबंध आहे की नाही?" त्याने जे जे सांगितले आणि त्यावरून मी जे जे वाचले, ते आपल्या सगळ्यांच्याच कामाचे आहे.

गंमत अशी की, इंग्लंडात हे यंत्र वापरायला एके काळी परवाना लागत असे. पण तो बिनतारी संदेशवहनाच्या कायद्याखाली! त्याचा संबंध रेडिओलहरींशी, इतिहासाशी नव्हे. 1980 मध्ये तोही गेला. आज तिथे ना परवाना लागतो, ना परीक्षा. जमीनमालकाची परवानगी मात्र हवी, आणि संरक्षित प्राचीन स्थळावर सरकारी संमतीवाचून यंत्र फिरवणे हा गुन्हा आहे. 1996 साली 'ट्रेझर ॲक्ट' झाला. त्याप्रमाणे 'खजिना' या व्याख्येत बसणारी वस्तू सापडली, तर 14 दिवसांत कोरोनरला कळवावे लागते. मुंबईच्या जुन्या वाचकांना कोरोनर आठवेल तो अपमृत्यूच्या चौकशीचा. तिकडे तोच अधिकारी पुरलेल्या सोन्याचीही चौकशी करतो. संग्रहालयाने वस्तू घेतली तर बक्षीस मिळते आणि ते सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जाते. शोधणाऱ्याने लबाडी केली असेल, तर त्याच्या वाट्याला कात्री लागते.

कायद्याखेरीज तिथे एक आचारसंहिताही आहे. 2006 साली ती तयार झाली आणि 2017 मध्ये सुधारली गेली. नांगराने आधीच हलवलेल्या वरच्या मातीतच शोधा, वस्तू नेमकी कुठे सापडली ते टिपून ठेवा, खड्डे बुजवा, आणि काही मोठे वा न हललेले लागले तर हात थांबवून जाणत्या माणसाला बोलवा. वाचायला सोपे. पण हातात कुदळ आणि कानात आवाज असताना थांबायचे, म्हणजे समोरच्या ताटातली पुरणपोळी झाकून ठेवण्यासारखे!

तरी थांबणारी माणसे असतात. 1992 च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज यंत्र घेऊन गेला. हातोडीऐवजी चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी लागू लागली. थोड्या वस्तू निघताच त्याने खणणे थांबवले आणि वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी पुराणवस्तुसंशोधक आले. जवळजवळ 15 हजार रोमन नाणी आणि दोनशेच्या आसपास सोन्याचांदीच्या वस्तू निघाल्या. पण माझ्या मते त्याहून मोठा लाभ वेगळाच. सगळे जागच्या जागी असल्यामुळे ते धन लाकडी पेटीत नीट लावून ठेवलेले होते, आत लहान पेट्या होत्या, काही वस्तू कापडात गुंडाळल्या होत्या, हे कळले. दीड हजार वर्षांमागच्या कुणा घरधन्याने अडचणीच्या काळी केलेली ती बांधाबांध जशीच्या तशी दिसली. लॉजला साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि ते त्याने शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतले. हातोडीही सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियमात आहे!

आता दुसरी बाजू. 2015 मध्ये हेरफर्डशर परगण्यात दोघांना नवव्या शतकातला ठेवा लागला. नाणी सुमारे तीनशे होती असा अंदाज आहे. त्यांनी कोरोनरला कळवले नाही. नाणी गुपचूप विकायला काढली. फोनमधली पुसून टाकलेली छायाचित्रे पोलिसांनी परत मिळवली आणि बिंग फुटले. 2019 मध्ये दोघांना कारावास झाला. त्यांतल्या काही नाण्यांवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ शेजारी शेजारी बसलेले दिसतात. केओलवुल्फला जुन्या बखरींनी बाहुले ठरवले होते. नाणी सांगतात की दोघांची बरोबरीची मैत्री असावी. पण बहुतेक नाणी हाती आलीच नाहीत. चोरी झाली ती नुसत्या सोन्याचांदीची नव्हे, त्या राजाच्या बाजूच्या साक्षीची.

म्हणून तिकडे आता चर्चा चालते की, या छंदिष्टांना शिकवावे आणि प्रमाणपत्र द्यावे. काहींना ती नसती कटकट वाटते. मला विचाराल तर प्रमाणपत्र जरूर असावे. पण यंत्र चालवता येते एवढ्यासाठी नको. ते पोराटोरांनाही एका दुपारी येते. परीक्षेत एकच प्रश्न महत्त्वाचा असावा: चांगले काही लागले, आजूबाजूला कुणी नाही, तर तुम्ही काय कराल? डेन्मार्कमध्ये बक्षीस ठरवताना शोधणाऱ्याने वस्तू किती जपून हाताळली हेही पाहतात. मला ही रीत फार आवडली.

जागेचे मोल कळायला इंग्लंडात जायला नको. आपल्याकडे प्रवरेच्या काठी दायमाबादला 1974 साली एक शेतकरी झाडाचे मूळ खणत होता. त्याला ब्राँझच्या चार अप्रतिम वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन 60 किलोंवर. त्या बिचाऱ्याचा यात काहीच दोष नाही. पण वस्तू जमिनीच्या नेमक्या कोणत्या थरात, कशाशेजारी होत्या, हे जाणत्या डोळ्यांनी पाहिले नव्हते. पुढे पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केले, तरी त्या किती जुन्या यावर विद्वानांचा वाद राहिलाच.

आणि कायदा? आपल्याकडे 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेले 10 रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धन बेवारशी ठरले आणि जागा दुसऱ्याची असली, तर सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. आमच्या घरच्या वाटण्यांपेक्षा हे पुष्कळ सुटसुटीत आहे! सरकारला ते स्वतःकडे घ्यायचे असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. धातूचे मोल मोजणारा हा कायदा. मातीत वस्तू कशी पडली होती, तिचे मोल त्यात नाही. ते आपणच सांभाळायचे.

पुतण्याला मी कळवून टाकले, की तू ये, यंत्र तिकडेच ठेव. वाड्यामागे कुदळ लागणार नाही. घरात थोडी नाराजी आहे. चकल्या झाल्या की जाईल.

पण वाचकहो, हंड्याच्या मागे न लागताही तो समोर येऊ शकतो. विहीर खणताना, पाया घेताना, जुना वाडा उतरवताना कुदळ कशावर तरी खणकली, तर एवढे करा: काम तिथेच थांबवा. वस्तू धुऊ नका, घासू नका, देव्हाऱ्यात नेऊ नका. असेल तशी तिची छायाचित्रे घ्या, जागा आणि खोली लिहून ठेवा, आणि जिल्हाधिकारी कचेरीला कळवा. सोने कितीही वर्षे मातीत राहिले तरी बिघडत नाही. तुम्ही एक दिवस थांबलात, तर त्याने काही अडणार नाही.