मुखोद्गत आधार

कोरेज्माचा उपवासकाळ आला की सासष्टीच्या वाड्यावाड्यांतून येशूच्या यातनांचे स्मरण सुरू होते. या दिवसांत आम्हांस हटकून आठवण होते ती एका मराठी ग्रंथाची, आणि त्या ग्रंथाने एके काळी तारून नेलेल्या माणसांची.

1784 साली टिपू सुलतानाने कानडा प्रांतातील हजारो ख्रिस्ती कुटुंबांना घरादारांतून उठवून श्रीरंगपट्टणास नेले. इंग्रजांना ते फितूर असल्याचा त्याचा संशय होता. या लोकांपैकी बहुतेकांचे पूर्वज गोव्यातूनच दक्षिणेकडे गेलेले. त्यांची चर्चे पाडली गेली, पाद्री हद्दपार झाले, कित्येकजण वाटेतच मेले. 1799 मध्ये टिपूचा पाडाव होईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, ही माणसे बंदिवासात होती. मिस्सा नाही, पापनिवेदन ऐकणारा कोणी नाही, मरणाऱ्याच्या उशाशी बसणारा पाद्री नाही. अशा वेळी त्यांना धीर दिला तो फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ने, असे त्या समाजाची परंपरा सांगते. 1907 मध्ये या पुराणाची नवी आवृत्ती निघाली ती मंगळुरात, यात नवल नाही.

हा ग्रंथ जन्मला तोही एका दुःखातूनच. स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट, 1579 मध्ये गोव्यात आला. नवख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे पाद्र्यांनी हिरावून घेतली होती. तेव्हा त्यांतीलच एकाने विचारले की, ती नेलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. 1560 मध्ये आलेले इन्क्विझिशन आम्ही विसरलेलो नाही, सासष्टीची पाडलेली देवळे विसरलेलो नाही, आणि लोकांची भाषाच मोडून काढण्याचा 1684 चा हुकूमही विसरलेलो नाही. परंतु त्या सत्तेचा हिशेब ज्या सामान्य माणसाने गुडघे टेकून अश्रू ढाळले त्याच्याकडून वसूल करणे हा शुद्ध अन्याय होय. ते हुकूम त्याने काढले नव्हते. त्याला एक आश्रय हवा होता आणि तो त्याला जात्यावरच्या ओवीच्या चालीत मिळाला.

क्रूसाखालची माता आपल्या घरातील आईप्रमाणे विलाप करते, हे ऐकून ज्याचे लेकरू वाटेत गेले त्या बाईस काय वाटले असेल? दुःख टळेल असे ख्रिस्ती श्रद्धा तिला सांगत नव्हती. देवही या वाटेने रक्तबंबाळ होऊन गेला आहे, एवढेच सांगत होती. आमच्या मते या धर्मातील दिलाशाचे मर्म येथे आहे. आणि ते परक्या भाषेत, व्याकरण जुळवीत, कोणाच्या काळजाला भिडत नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि चर्चची दारे मिटली. आमचे तारवटी बोटींवर अडकून पडले, इकडे त्यांच्या बायका रोज दूरध्वनीची वाट पाहत राहिल्या. पाद्री दाराशी येऊ शकत नव्हता. घराघरांत उरला तो तेर्स, आजीला पाठ असलेला, कोकणीतला. ज्यांनी आग्वादची कोठडी पाहिली त्यांना हे वेगळे सांगावयास नको: अंधारात माणसाजवळ पाठांतरच उरते.

म्हणूनच आम्हांस चिंता वाटते. (कोकणी-मराठीच्या वादाची जुनी धुणी येथे धुण्याची आमची मुळीच इच्छा नाही.) आज ख्रिस्ती घरांतील मुले प्रार्थना करतात ती बहुधा इंग्रजीत, तीही पुस्तकात पाहून. हिंदू घरांनी फुशारकी मारू नये. तेथेही शुभंकरोती दूरचित्रवाणीच्या आवाजात केव्हाच बुडाले. उद्या संकट आले तर या मुलांच्या ओठांवर काय येणार आहे?

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत गोव्यातील चर्चांतून हे पुराण गायले जात असे. देवनागरीत ते शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये पुण्यास प्रसिद्ध केले. आमच्या मराठी संस्था दर संमेलनात स्टीफन्सचे नाव घेतात, त्याने केलेली मराठीची स्तुती टाळ्यांच्या गजरात म्हणून दाखवतात, आणि उरलेले पुराण कपाटात ठेवतात. यातनाप्रकरणाची एखादी स्वस्त पुस्तिका त्यांनी काढावी. धर्मप्रांताने ती गावोगावच्या चर्चांना द्यावी. चाल विसरली असेल तर गावातील भजनी मंडळाने ओवीची चाल शिकवावी. शेजारधर्म म्हणून एवढे त्यांच्याकडे मागण्यास हरकत नसावी. गुड फ्रायडेपूर्वी एखाद्या खुरसापाशी चार म्हाताऱ्या आणि चार पोरे बसवून दहा ओव्या म्हणवून घेतल्या तरी आरंभ होईल.