पायवाटेवरचा वेग कुणाचा, बापाचा की लेकराचा?

माणूस कशासाठी चालतो, यावरून त्याची समाजातली जागा ओळखता येते. डोक्यावर हंडा घेऊन पाण्यासाठी चालणारी बाई, बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला निघालेले कुटुंब आणि रजा काढून, पदरचा पैसा खर्चून, निव्वळ हौस म्हणून शेकडो किलोमीटर रान तुडवणारे बाप-लेक, या सगळ्यांचे पाय सारखेच दुखतात. फरक एवढाच, की पहिल्या दोघांना थांबण्याची मुभा नाही आणि तिसऱ्यांना ती आहे. म्हणून या तिसऱ्या चालण्याला 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही. उलट, जिथे थांबण्याची मुभा आहे तिथे ती नेमकी कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बापाच्या, की लेकराच्या?

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे. बेंटन मॅके यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती सलग तयार झाली. जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत १४ राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे. झाडांवर आणि दगडांवर रंगवलेले पांढरे पट्टे हीच तिची खूण. मुक्कामाला जागोजागी तीन भिंतींचे निवारे आहेत. वाटेवरच्या सगळ्या चढांची बेरीज केली, तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सोळा वेळा चढण्याइतकी होते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अर्ल शेफर या सैनिकाने १९४८ साली ही वाट एका हंगामात पूर्ण केल्याची पहिली नोंद झाली. आजही सलग चालणाऱ्याला पाच ते सात महिने लागतात आणि निघालेल्या चौघांपैकी साधारण एकच जण शेवटपर्यंत पोहोचतो.

या वाटेवर आई-वडील आपल्या मुलांना घेऊनही निघतात. कुणी एखादा तुकडा चालतात, कुणी पूर्ण वाट अंगावर घेतात. आणि इथेच वेगाचा प्रश्न उभा राहतो. मुलांना शाळा आहे. तिथली उन्हाळी सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची. उत्तरेकडे थंडी लवकर पडते, त्यामुळे कटाडिनचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला संपतो. अंतर मोठे आणि दिवस मोजके. साधा हिशेब करा. ३,५०० किलोमीटर १६० दिवसांत चालायचे तर रोज २२ किलोमीटर पडतात. १०० दिवसांत चालायचे तर ३५. शाळेच्या सुट्टीतले ७५ दिवसच हाताशी असतील तर रोज ४७ किलोमीटर, तेही एक दिवस विश्रांती न घेता. कागदावर बापाने काढलेला हा आकडा रानात लेकराच्या पायांना फेडावा लागतो.

वेगाने चालणे म्हणजे पळणे नव्हे, हे आधी समजून घेतले पाहिजे. लांब पल्ल्याचा जाणकार वाटसरू ताशी तीन-चार किलोमीटरच चालतो. मात्र पहाटे निघतो, थोडा वेळ थांबतो, मुक्कामाची मांडामांड पटकन उरकतो आणि मुख्य म्हणजे पाठीवर कमी वागवतो. त्याच्या वेगाचे गुपित सॅकच्या वजनात आहे. मेन राज्यात या वाटेचा शेवटचा सुमारे १६० किलोमीटरचा टापू गाव-दुकानाविना आहे. किमान दहा दिवसांचा शिधा असल्याशिवाय पुढे जाऊ नका, अशी पाटीच तिथे लावलेली आहे. मोठ्या माणसाला दिवसाला पाऊण किलो कोरडा शिधा धरला तर दहा दिवसांचे साडेसात किलो होतात. हाच टापू पाच दिवसांत उरकणाऱ्याला रोज ३२ किलोमीटर चालावे लागते, पण त्याला पावणेचार किलो पुरतात. हलका माणूस लवकर पोहोचतो, आणि लवकर पोहोचणार म्हणून आणखी हलका निघतो. मात्र वाटेत पाय मुरगळला, नदीला पाणी चढले, तर उपाशी राहण्याची पाळीही त्याच्यावरच येते. मोठ्या माणसाने आपल्या जिवावर हा जुगार खेळला तर तो त्याचा प्रश्न. दहा वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन तो खेळता येतो काय?

मुलाचे शरीर म्हणजे बापाच्या शरीराची छोटी आवृत्ती नव्हे. बापाचे पाऊल ७५ सेंटिमीटरचे धरले तर ३० किलोमीटरला ४०,००० पावले लागतात. मुलाचे पाऊल ६० सेंटिमीटरचे असेल तर त्याच अंतराला ५०,००० पावले. म्हणजे संध्याकाळी दोघे एकाच निवाऱ्यात पोहोचतात तेव्हा लेकरू बापापेक्षा दहा हजार पावले जास्त चाललेले असते. ही दहा हजार पावले बापाच्या डायरीत लिहिली जात नाहीत. तिथे 'आज ३० किलोमीटर' एवढेच असते.

ओझ्याचेही तसेच. आपल्याकडे २०२० च्या दप्तर धोरणाने सांगितले, की मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त ओझे नको. हाच दंडक डोंगरात लावला तर ३० किलोच्या मुलाच्या सॅकमध्ये तीन किलो येतात. त्यात स्वेटर, पावसाळी कोट, पाण्याची बाटली आणि खाऊ एवढेच मावते. तंबू, स्टोव्ह, दोघांचा शिधा बापाच्या किंवा आईच्या पाठीवर. मोठ्याचे ओझे वाढले की त्याचा वेग उतरतो आणि लेकराच्या वेगाच्या जवळ येतो. वजनाची न्याय्य वाटणी केली की वेगातली विषमता कमी होते, हे तत्त्व डोंगरालाही लागू आहे.

हलके चालायला महागडे सामान लागते, असा एक समज बाजाराने पसरवला आहे. एमा गेटवूड या बाईंचे उदाहरण त्याला पुरेसे उत्तर आहे. अकरा मुलांची ही आई. नवऱ्याच्या हातची मारहाण वर्षानुवर्षे सोसलेली. वयाच्या ६७ व्या वर्षी, १९५५ साली, तिने ही सबंध वाट एकटीने पूर्ण केली. स्वतः शिवलेली जाड कापडाची पिशवी खांद्यावर आणि पायात साधे कॅनव्हासचे बूट. तंबू नव्हता, पाऊस अडवायला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा होता. सामान कमी असल्याने तिचे पाऊल अडले नाही. मात्र तिला कुणी ओढून नेले नव्हते. कधी चालायचे, कधी थांबायचे हे ठरवणारी तीच होती.

हेच विक्रमाबाबत. २०२४ साली तारा डावर या तरुणीने ही वाट ४० दिवस १८ तासांत पूर्ण केली. त्या वेळी स्त्री-पुरुष सगळ्यांत मिळून हा विक्रम ठरला. दिवसाला सुमारे ८७ किलोमीटर! तिला वाटेत मदत करणाऱ्या पथकात तिची आईही होती. इथेही आई-लेकच आहेत. पण लेक सज्ञान आहे, निर्णय तिचा आहे आणि आई तिच्या मागे उभी आहे. लहान मुलाच्या बाबतीत चित्र नेमके उलटे असते. स्वप्न बापाचे, नोंदवही बापाची, कौतुक बापाचे आणि मागून पाय ओढत चालणारे लेकरू. 'दमलास का?' असे बापाने विचारले की ते म्हणते, 'नाही पप्पा, मी ठीक आहे.' बापाला वाईट वाटू नये म्हणून लेकरे खोटे बोलतात. या खोट्याला संमती म्हणता येणार नाही. जो बाप 'थांबू या' म्हणणाऱ्या मुलाकडे निराश नजरेने पाहतो, त्याने मुलाचा थांबण्याचा हक्क तोंडाने मान्य करून नजरेने काढून घेतलेला असतो.

कटाडिन शिखर ज्या उद्यानात आहे, तिथला नियम सहा वर्षांखालच्या मुलांना झाडीची हद्द संपल्यावर वर जाऊ देत नाही. आई-बापाची कितीही तयारी असो, परवानगी नाही. काहींना हा पालकांच्या स्वातंत्र्यावर घाला वाटतो. आम्हाला तो मुलाच्या हक्काचा स्वीकार वाटतो. मूल ही आई-बापाची मालमत्ता नाही. प्रेम आहे म्हणून अधिकार अमर्याद होत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. 'मुलांना कष्टाची सवय लागली पाहिजे, त्याशिवाय ती घडत नाहीत.' आमच्या वस्त्यांतल्या मुलांना हे सांगण्याची गरज नाही. कष्टाने माणूस आपोआप घडत असता, तर वीटभट्टीवरचे प्रत्येक मूल आज अधिकारी झाले असते. माणूस घडतो तो निर्णय घेतल्याने. आज किती चालायचे, पाणी कुठे भरायचे, आभाळ भरून आले तर पुढे जायचे की मागे फिरायचे, हे ज्या मुलीला विचारले जाते आणि जिचे उत्तर मानले जाते, ती त्या वाटेवरून काहीतरी घेऊन येते. जिला नुसते चालवले जाते, ती फक्त थकून येते.

थांबण्याच्या मुभेबरोबर थांबण्याची जागाही हवी, आणि ती सगळ्यांना सारखी मिळाली नाही. ही वाट व्हर्जिनिया राज्यातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातून सुमारे १६० किलोमीटर जाते. याच उद्यानात १९३९ साली लुईस माउंटन ही मुक्कामाची जागा कृष्णवर्णीयांसाठी वेगळी काढण्यात आली. डोंगर एकच, हवा एकच, पण कृष्णवर्णीय बापाने लेकराला घेऊन रात्री कुठे टेकायचे हे त्याच्या कातडीच्या रंगावर ठरत होते. १९५० सालापर्यंत ही विभागणी पूर्ण संपली. २०१६ साली रहावा हेली ही एरिट्रियन वंशाची अमेरिकन लेखिका ही सबंध वाट चालली. जिथे लोक दात घासायच्या ब्रशची दांडीही कापून वजन वाचवतात, तिथे तिने कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके पाठीवरून नेली आणि निवाऱ्यांत ठेवत गेली. कुठले ओझे टाकायचे आणि कुठले जपून न्यायचे, हे तिचे तिने ठरवले.

आमच्या वाचकांना हे परके वाटणार नाही. १९०१ साली लहानगा भीमराव घरातल्या इतर मुलांसह वडिलांना भेटायला निघाला, तेव्हा मसूर स्टेशनवर उतरल्यापासून त्या लेकरांच्या वाट्याला काय आले, हे स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. सोबत खायला होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. ज्या समाजाची मुले वाटेवर अशी अडवली गेली, त्या समाजाच्या आई-बापांनी आज आपल्या मुलांना मोकळ्या वाटेवर नेणे, यात चैन नाही.

जरूर न्यावे. पहिल्या पिढीतल्या नोकरदाराला रजा मिळते, दिवाळीची सुट्टी मिळते. ती सगळी लग्नसमारंभात आणि खरेदीत का जावी? ३,५०० किलोमीटरची गरज नाही. सह्याद्रीत राजगड ते तोरणा ही दोन दिवसांची वाटही माहीतगार सोबत असेल तर पुष्कळ शिकवते. उन्हाळ्यात पाण्याचे हाल होतात, तेव्हा थंडीचे दिवस निवडावेत. मुलाइतकेच मुलीलाही न्यावे, आणि बापाइतकेच आईनेही जावे; तिने चालायचे ते फक्त पाण्यासाठी, असे कुठे लिहिलेले नाही.

मात्र निघण्यापूर्वी चार गोष्टी ठरवाव्यात. जो लहान तो पुढे चालेल, मोठा त्याच्या मागे. रोजचे अंतर दोघे मिळून आदल्या रात्री ठरवतील. शिधा एका दिवसाचा जास्त घ्यायचा, म्हणजे उशीर झाला तरी कुणाला पळवावे लागणार नाही. आणि लेकरू 'बस' म्हणाले की बस. त्यावर 'अजून थोडेच राहिले आहे' हे वाक्य उच्चारायचे नाही. एवढे पाळूनही वेगाने चालता आले तर खुशाल चालावे. मुलांनाही वेग आवडतो. वाट उताराची आणि मन रमलेले असेल तर तीच बापाला मागे टाकतात. तेव्हा बापाने धापा टाकत 'जरा थांब' म्हणावे आणि लेकराने थांबावे. बापाने त्याच्यासाठी आधी थांबून दाखवले असेल, तर ते नक्की थांबेल.