गळती अंगणातली, पाणी गल्लीचं

अंगणात मातीखाली नळाची लाइन फुटली तर तो त्या घराचा प्रश्न, असं आमच्या हिंडलग्यात अजून मानलं जातं. बिल तो भरतो, खड्डा तो काढतो, इतरांना काय त्याचं? मला हे अजिबात पटत नाही.

पाणी ठरावीक वेळ सुटतं आणि गेलं की पाइप रिकामा होतो. मग फुटलेल्या जागेतून बाहेरचं आत यायला लागतं. आमच्याकडच्या पावसात माती महिनोन्महिने चिंब असते, शेजारी गटार, पलीकडे संडासाची टाकी. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की ओढ वाढते आणि एकाच्या अंगणातली घाण दुसऱ्याच्या घागरीत जाते. हुबळी-धारवाडमध्ये सतत आणि ठरावीक वेळ पाणी येणाऱ्या अशा दोन्ही तऱ्हेच्या नळांचं पाणी तपासून 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मलमूत्रातून येणारे जंतू चोवीस तास पाणी असलेल्या नळांत क्वचितच सापडले. थांबून थांबून येणाऱ्या पाण्यात मात्र जवळपास तीन नमुन्यांमागे एकात. राकसकोप जलाशयाचं पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनातून लक्ष्मी टेकडीवर चढवून शुद्ध करतात. एवढा खटाटोप करून शुद्ध केलेलं पाणी शेवटच्या चार हातांत नासायचं, याचं मला फार वाईट वाटतं.

नासाडी तर आहेच. मिनिटाला एक लिटर गळलं, तर नळाला पाणी असलेल्या दर चोवीस तासांमागे 1440 लिटर होतात. जलजीवन मिशन माणशी रोज 55 लिटर धरतं. म्हणजे सव्वीस माणसांचं एका दिवसाचं पाणी.

आमच्या तुळशीजवळची जमीन ऐन उन्हाळ्यात ओली दिसायला लागली. पाणी सुटल्यावर संपाचा (जमिनीतल्या टाकीचा) व्हॉल्व्ह आणि घरातले सगळे नळ बंद केले, तरी मीटर फिरतच होता. खणल्यावर जुना जीआय पाइप एल्बोपाशी गंजून चाळण झालेला निघाला. प्लंबर म्हणाला, "काका, सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळू या, चालतंय की." मी नको म्हटलं. ट्यूब कुजते, तार गंजते, आणि मातीखालचं पुन्हा कुणी बघत नाही. गंजलेला सगळा तुकडा कापून नवा घातला. खड्डा त्याच दिवशी बुजवायची घाई केली नाही. नळाला पाणी येऊन सांधा पुऱ्या दाबाखाली कोरडा राहिलेला पाहिला, पहिलं गढूळ पाणी संपात न घेता सोडून दिलं, मग पाइपाखाली-वर वाळू पसरून माती लोटली. भिंतीपासून लाइन किती फुटांवर आणि किती खोल, ते कागदावर लिहून मीटरच्या पेटीत ठेवलंय. पुढे कधी खणायची वेळ आली तर पहार पाइपावर बसायला नको.

हे घरोघरी व्हायला हवं, पण ते घरमालकावर सोडून भागणार नाही. गल्लीत काँक्रीट ओतलं जातं तेव्हा खालच्या जुन्या लाइनी तशाच गाडल्या जातात. नंतर गळती लागली तर नवा रस्ता फोडावा लागतो, म्हणून लोक गप्प बसतात. पंचायतीने काँक्रीटच्या आधी त्या गल्लीला पाणी सोडून प्रत्येक जोडणी उघडी करून पाहावी, गंजलेले तुकडे बदलून घ्यावेत आणि मगच ठेकेदाराला कामाला लावावं. ज्याला खर्च झेपत नाही, त्याच्या अंगणातलं कामही त्याच अंदाजपत्रकात धरावं. आणि नळाला थेट लावलेल्या मोटरी काढायला लावाव्यात, त्या कुणाच्याही असोत.